माफ केलं म्हणजे नेमकं काय काय केलं?

झिरोमाईल (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:४०

"माफ करून टाक" हा सल्ला नागपुरात पानठेल्यावरही मिळतो. करून टाकायचं म्हणजे काय करायचं, हे मात्र सल्ला देणारा सांगत नाही. मन मोठं करायचं म्हणतात. ठीक, केलं मोठं. मग पैशाचं काय?

इथं कायदा, समुपदेशन, पोथ्या असं एकेक नीट ठाऊक असलेली माणसं आहेत, म्हणून धागा काढतोय. एक विनंती: "माझ्या मावशीच्या बाबतीत" असे किस्से नकोत, त्यांना दुसरे धागे भरपूर आहेत. रीत सांगा. कशानंतर काय, कुठं फसतं, का फसतं.

चर्चा भरकटू नये म्हणून एक बनवलेलं उदाहरण. दोन भावांचं इतवारीत किराण्याचं दुकान. गल्ला धाकटा सांभाळायचा. १४ महिन्यांत त्यानं थोडेथोडे करून ४ लाख ६० हजार काढले आणि माल उधारीवर गेल्याच्या खोट्या नोंदी वहीत टाकल्या. आता थोरल्याच्या लक्षात आलंय. आई म्हणते, "चुकलं लेकरू, माफ कर, दिवाळीला सगळे एका पंगतीत बसा." थोरल्यानं काय करावं?

तर्री_जास्त · रात्री ९:५२

कायले माफ कराचं भाऊ? चार लाख साठ हजार म्हंजे काही पोह्यावरची तर्री नाई का सांडली तं सांडली. पयले पैसे ठेव म्हना, मंग माफीचं पाहू.

हिशेबनीस · रात्री १०:३०

तर्रीभाऊ गमतीत बोलले, पण मुद्दा तोच आहे. घोळ शब्दापासून सुरू होतो. आपण कर्ज माफ करतो, फी माफ करतो, शिक्षा माफ करतो आणि माणूसही माफ करतो, शब्द एकच. जुन्या मध्य प्रांतात सारा न लागणाऱ्या जमिनीला माफीची जमीन म्हणत. वसुलीच्या वहीत मुरलेला हा शब्द आपण मनाच्या कामाला जुंपतो, म्हणून तो ओढताना करकरतो.

आई "माफ कर" म्हणते तेव्हा एका वाक्यात तीन गोष्टी मागते. राग सोड, देणं सोड आणि दार उघड. ही तीन वेगळी खाती आहेत. राग सोडणं थोरल्याच्या एकट्याच्या हातात. धाकटा उद्या गाव सोडून गेला, त्यानं कधी तोंडही दाखवलं नाही, तरी ते करता येतं. देणं सोडणं हा व्यवहार. त्याला रक्कम, तारीख, कागद लागतो. आणि दार उघडणं, म्हणजे गल्ल्याची किल्ली परत देणं, हे धाकट्याच्या पुढच्या वागण्यावर ठरतं. थोरल्याचं मन कितीही मोठं असलं तरी त्याचा त्याच्याशी संबंध नाही.

बहुतेक माफ्या नासतात त्या तिन्हींवर एका दमात सही केल्यामुळे. सहा महिन्यांनी लक्षात येतं की पैसे गेले, किल्लीही गेली, राग तेवढा शिल्लक आहे. आणि आता तो बोलूनही दाखवता येत नाही, कारण "तू तर माफ केलं होतंस ना!"

शिक्षेचं चौथं खातंही असतं, पण ते कित्येकदा आपल्या हातात नसतंच. त्यावर सिव्हिललाइन्स ताईंनी लिहावं.

सिव्हिललाइन्स · मंगळवार, सकाळी ७:१५

लिहिते. कोर्टाची पायरी चढण्याआधीचं आधी.

करार कायद्याचं कलम ६३ बघा. ज्याला येणं आहे तो ते पूर्ण किंवा काही भाग सोडून देऊ शकतो, आणि सोडल्याच्या बदल्यात त्याला काही मिळालंच पाहिजे अशी अट नाही. म्हणजे रात्री अकराला गहिवरून व्हॉट्सॲपवर "जाऊ दे रे, पैसे सोडले, तू फक्त घरी ये" लिहिलंत, तर पुढे वसुलीच्या दाव्यात समोरचा वकील तोच मेसेज छापून आणतो. "माझा तुझ्यावर राग नाही" आणि "पैसे सोडले" ही कायद्याला दोन निराळी वाक्यं आहेत. पहिलं हवं तितक्यांदा म्हणा. दुसरं म्हणायचंच असेल तर सकाळी, जेवण झाल्यावर, आकडा लिहून म्हणा.

दुसरी गोष्ट मुदत. पैशाच्या दाव्याला साधारण ३ वर्षं. फसवणूक लपवलेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा नीट लक्ष दिलं असतं तर कळली असती तेव्हापासून मोजायची (मुदत कायदा, कलम १७). भागीदारी असेल तर हिशेबाच्या दाव्याची मुदत भागीदारी मोडल्यापासून धरतात, म्हणून दुकान कोणाच्या नावावर आणि कोणत्या कागदावर चालतं हे आधी पाहावं लागतं. "भाऊच आहे, देईल" म्हणत वर्षं गेली की कोणी माफ न करताच माफी होऊन बसते. उपाय सोपा आहे: मुदत संपायच्या आत देणेकऱ्याच्या सहीची लेखी कबुली (कलम १८). त्या तारखेपासून मुदत नव्यानं सुरू. कबुलीत आकडा नसला तरी ती बाद होत नाही, पण असावा, नाहीतर पुढचं भांडण आकड्यावरून होतं. मुदत उलटून गेल्यावर नुसत्या कबुलीचा उपयोग नाही. तेव्हा देण्याचं स्पष्ट लेखी वचन लागतं, करार कायदा कलम २५(३).

फौजदारी. गल्ल्याच्या प्रकाराला फौजदारी विश्वासघाताचं कलम लागू शकतं, भारतीय न्याय संहितेचं ३१६. कोणते गुन्हे आपसांत मिटवता येतात त्याची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे; १ जुलै २०२४ च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२० होतं. त्यात दोन गट. पहिल्यातले गुन्हे नुकसान झालेला माणूस स्वतःच्या मर्जीनं मिटवू शकतो, दुसऱ्यातल्यांना कोर्टाची परवानगी लागते. साधा विश्वासघात दुसऱ्या गटात. एकदा मिटवलं की त्याचा परिणाम निर्दोष सुटकेचा, "थोडंसं मिटवलं" असं काही नसतं. खून, बलात्कार, दरोडा यादीत नाहीत. तिथं घरच्यांनी हात जोडून "आम्ही माफ केलं" म्हटलं तरी खटला चालतो, कारण तो चालवणारं सरकार असतं.

आता या धाग्याच्या प्रश्नाचं कायद्यातलं सगळ्यात नेमकं उत्तर. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, क्रूरतेच्या कारणावर दाद मागणाऱ्यानं ती क्रूरता आधीच माफ केलेली नसावी लागते. मग माफ केलं हे ओळखायचं कशावरून? १९७५ च्या दास्ताने खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दोन गोष्टी लागतात: क्षमा, आणि त्या माणसाला पूर्वीच्या जागी परत बसवणं. नुसतं तोंडानं म्हणणं पुरत नाही. तिथं नवऱ्यानं तक्रार असूनही संसार सुरू ठेवला होता, म्हणून माफी धरली गेली. आणि अशी माफी कायम सशर्त असते. तोच प्रकार पुन्हा घडला की जुना गुन्हा जिवंत होतो.

हिशेबनीस म्हणतात ते पहिलं आणि तिसरं खातं, कोर्टानं दोन्ही तपासली. कायद्यालाही दोन वेगळी दिसतात.

झिरोमाईल · सकाळी ८:०५

ताई, फारच कामाचं. पण मग थोरल्यानं आईला आज काय सांगायचं? ती कलम १८ ऐकणार नाही.

हिशेबनीस · सकाळी ८:४०

"आई, मी त्याच्याशी वैर धरणार नाही. पैशाचं आम्ही दोघं लिहून ठरवू. दुकानात त्यानं कधी बसायचं ते नंतर." तीन वाक्यं, तीन खाती. आईला पहिलं ऐकायचं असतं, तेच पहिलं ठेवायचं. उलट क्रमानं सांगितलं तर ती पहिल्याशी पोचतच नाही.

तर्री_जास्त · सकाळी ८:४४

आई पयल्या वाक्याले रडते, मंग दुसरं तिसरं कोन ऐकते.

मनमोकळी · दुपारी २:१०

समुपदेशनाच्या बाजूनं. हिशेबनीसांच्या पहिल्या खात्याचेही आत दोन कप्पे असतात. एक निर्णयाची माफी: "मी सूड घेणार नाही, वाईट चिंतणार नाही, माणसाला माणसासारखं वागवीन." हा निर्णय एका संध्याकाळी घेता येतो. दुसरी भावनेची माफी: त्याचं नाव निघालं की पोटात गोळा येणं, छाती गरम होणं, हे कमी होत जाणं. हिला महिने लागतात, कधी वर्षं. निर्णय घेतल्यावर आठ दिवसांनी पुन्हा राग आला म्हणून "माझी माफी खोटी होती" असं लोक समजतात आणि सगळंच सोडून देतात. खोटी नव्हती. पहिली झाली, दुसरी चालू आहे.

काम कुठून सुरू करायचं? नुकसान मोजण्यापासून. ज्याचं मोजमाप नाही ते माफही होत नाही. कागदावर लिहा: काय गेलं? उदाहरणात ४ लाख ६० हजार ही सोपी ओळ. तिच्याखाली अवघड ओळी: "मी दोनदा विचारलं आणि तो डोळ्यात बघून खोटं बोलला." "त्या खोट्या नोंदींवरून मी एका जुन्या गिऱ्हाइकाला उधारी मागायला गेलो आणि तोंडघशी पडलो." बहुतेकदा अडकलेला राग पैशाच्या ओळीत नसतो, या दुसऱ्या ओळींत असतो. म्हणूनच पैसे परत मिळाल्यावरही तो जात नाही आणि माणूस स्वतःवरच चक्रावतो.

लिहिण्याची एक तपासलेली पद्धत आहे. सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, हात न थांबवता, शुद्धलेखन न बघता. घटना आणि त्यावेळचं मन दोन्ही लिहायचं. १९८६ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगाची रचना हीच होती. लिहिल्यावर लगेच बरं वाटत नाही, उलट त्या दिवशी मन जड होतं. तिथं लोक थांबतात. झोपण्यापूर्वी लगेच लिहू नका, आणि घटना अगदी ताजी असेल तर काही आठवडे जाऊ द्या.

नंतरची पायरी, त्याच्या बाजूनं तीच गोष्ट सांगून पाहणं. ही घाईनं केली की घात होतो. समजून घेणं म्हणजे सूट देणं नव्हे. धाकट्याला सट्ट्याचं देणं झालं होतं हे समजलं, तर "का" कळलं. "चालेल" असं होत नाही. पहिली पायरी, मोजण्याची, नीट न करता जो थेट इथं येतो तो दुसऱ्याचा वकील होऊन बसतो.

महालकर · दुपारी ३:२५

लिहून काढण्यावरून आठवलं, नागपूरला ही युक्ती नवी नाही. तान्हा पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठे पुतळे, निघतात, १८८० च्या दशकापासून. सोबत बडगे असतात. त्या वर्षी लोकांना ज्याचा त्रास झाला त्याचा पुतळा, गळ्यात पाटी. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गावभर फिरवायचं आणि नेऊन जाळायचं. सगळं गाव एका दिवसात शिव्या घालून मोकळं.

मनमोकळी · दुपारी ३:४०

उपमा आवडली. चार दिवसांचे कागदही शेवटी जाळायला हरकत नाही. फक्त दुकानाची वही त्यात जाऊ देऊ नका.

इंदोरा_मैत्री · संध्याकाळी ६:००

दीक्षाभूमीच्या गावात "न हि वेरेन वेरानि" माहीत नसलेला माणूस विरळा. वैरानं वैर शमत नाही. पण मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांबद्दल सद्भाव वाढवण्याचं ध्यान, हा सराव आहे, त्याला ठरलेला क्रम आहे, आणि क्रम चुकला की सराव उलटतो. हे फार थोडे सांगतात.

विशुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात क्रम असा: आधी स्वतः, मग आदर वाटतो अशी व्यक्ती, मग जिवलग, मग ज्याच्याबद्दल बरंवाईट काहीच वाटत नाही असा (रोज दिसणारा बस कंडक्टर, दूधवाला), आणि मग शेवटी वैरी. वैऱ्यापासून सुरुवात करू नये असं तिथं स्पष्ट म्हटलंय, कारण बसल्याबसल्या रागच येतो. मेलेल्या माणसावर तर हा सराव करूच नये असं आहे. त्यामुळे गेलेल्या बापाला माफ करायचं असेल तर हे साधन नव्हे, मनमोकळी ताईंचं लिखाण बरं.

वेळेचं प्रमाण, नवशिक्यानं २० मिनिटं बसायचं तर १५ मिनिटं पहिल्या चौघांवर. वैऱ्यावर आल्यावर जबडा आवळला, श्वास वर चढला, की लगेच मागच्या माणसावर परत यायचं. ही माघार सरावातच धरलेली आहे. तरी राग हटेना तर त्याच ग्रंथात पुढचे उपाय आहेत. एक मला फार व्यावहारिक वाटतो: माणसाचे तुकडे पाडून विचारायचं, तू नेमका कशावर रागावलास? केसांवर? नखांवर? दातांवर? राग धरायला एक अख्खा माणूस लागतो, सुटे भाग त्याला पुरत नाहीत. आणि सगळ्यात शेवटचा उपाय, त्याला काहीतरी भेट द्या किंवा त्याच्याकडून घ्या. छोटी वस्तू. देताना हात पुढे करावा लागतो, आणि आवळलेली मूठ पुढे करता येत नाही.

खामेमि · संध्याकाळी ७:३०

आम्हा जैनांच्या क्षमापनेबद्दल दोन शब्द, कारण संवत्सरी (वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागण्याचा दिवस) झाली की "मिच्छामि दुक्कडम्"चे तयार फोटो हजारांनी फिरतात आणि लोकांना वाटतं तेवढंच.

श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, स्थानकवासी पंचमीला. दिगंबरांचं दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला संपतं, त्यात पहिला दिवसच उत्तम क्षमेचा. क्षमावाणी त्यानंतरच्या प्रतिपदेला. कॅलेंडरात गोंधळ होतो तो इथं: उत्तरेकडे त्या तिथीला आश्विन वद्य म्हणतात, आपल्याकडे भाद्रपद वद्य. दिवस एकच.

खरी गंमत वेळापत्रकात आहे. क्रोधाचे चार दर्जे सांगितलेत: पाण्यावरची रेघ, वाळूतली रेघ, जमिनीला पडलेली भेग, दगडावरची रेघ. श्वेतांबर कर्मग्रंथांत त्यांना मुदती आहेत: पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष, आणि जन्मभर. आता प्रतिक्रमण, म्हणजे आपल्या चुका आठवून क्षमा मागण्याचा विधी, बघा: रोजचं असतंच, शिवाय पाक्षिक, चातुर्मासिक, सांवत्सरिक. प्रत्येक मुदत संपते तिथं एक प्रतिक्रमण बसवलेलं आहे. राग पुढच्या दर्जात चढायच्या आत त्याला गाठायचं. संवत्सरीही टळली, तर रेघ दगडावर गेली असं समजायचं.

फोटो पाठवण्यात काय बिघडतं? ज्यांच्याशी काही बिनसलेलं नाही अशा चारशे जणांना तो जातो, आणि ज्या एकाला पाठवायला हवा त्याचा नंबर ब्लॉक असतो.

मोमिनपुरा_चौक · रात्री ८:१०

खामेमि भाऊ, आमच्याकडे मुदत फारच कमी आहे. हदीस आहे की भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त बोलणं तोडणं जायज नाही, आणि दोघांत चांगला तो जो आधी सलाम करतो. लक्षात घ्या, सलाम. दुकानाची भागीदारी नव्हे. मात्र दुसऱ्याचा हक्क मारला असेल तर नुसती तौबा पुरत नाही: काम थांबवणं, पस्तावणं, पुन्हा न करण्याचं ठरवणं, आणि चौथी अट म्हणजे ज्याचं त्याला परत करणं किंवा त्याच्याकडून सोडवून घेणं. माणसाचं देणं माणसाकडेच मिटवावं लागतं.

तर्री_जास्त · रात्री ८:१५

म्हंजे सोमवारी रात्री म्या जे बोललो तेच सगळे धर्म सांगून राहिले. आभारी आहो.

पोथीवाला · रात्री ९:००

तर्रीभाऊ, तुमच्या बाजूनं महाभारतही आहे. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद आणि बळीचा संवाद सांगते. नातू विचारतो, क्षमा बरी की तेज? प्रल्हाद म्हणतो, "न श्रेयः सततं तेजो न नित्यं श्रेयसी क्षमा." नेहमीच कडक बरं नाही, नेहमीच क्षमाही बरी नाही. सदा माफ करणाऱ्याचं काय होतं तेही तो सांगतो: नोकर त्याच्या वस्तू वापरू लागतात, सांगितलेलं देत नाहीत, मान ठेवत नाहीत. मग कोणाला सोडावं याचा निकष: ज्यानं पूर्वी मोठा उपकार केला त्याला, ज्याच्या हातून अजाणता घडलं त्याला, पण ते खरंच अजाणता होतं का याची चौकशी करून, आणि पहिला अपराध कोणाचाही. जाणूनबुजून करून वर "कळलंच नाही" म्हणणाऱ्याला मात्र अपराध छोटा असला तरी सोडू नये. दुसऱ्यांदा केलं तरी नाही.

उदाहरणातल्या धाकट्याला हे लावून बघा. १४ महिने, खोट्या नोंदी, दोनदा विचारल्यावर दोनदा नाही. याला पहिला अपराध म्हणायचं की चौदावा? मी चौदावा म्हणेन. युधिष्ठिर पुढे क्षमेचीच बाजू घेतो हे खरं, पण त्यानं द्यूतात काय केलं तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि तुकोबांना फक्त "दया क्षमा शांती"पुरतं वापरणाऱ्यांसाठी, दयेची व्याख्या त्यांनीच दिली आहे: "दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणिक निर्दाळण कंटकांचें ॥"

मनमोकळी · रात्री ९:५०

पोथीवाला दादांच्या म्हणण्याला जोड. नवविवाहित जोडप्यांवर चार वर्षं चाललेल्या एका अमेरिकन पाहणीत दिसलं की जिथं जोडीदार पटकन माफ करत नव्हता तिथं दुसऱ्याचं टाकून बोलणं, अंगावर जाणं काळाबरोबर कमी झालं. जिथं सतत माफी होती तिथं ते तसंच चालू राहिलं. म्हणून मारहाणीच्या घरात "माफ कर" हा सल्ला देऊच नये. तिथं पहिलं काम सुरक्षित जागा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी. राग सोडायचा की नाही हे बाईनं तिकडे पोचल्यावर, सवडीनं ठरवावं. मन फार खालावलं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, मराठीत बोलता येतं.

झिरोमाईल · बुधवार, सकाळी १०:२०

आता धाकट्याच्या बाजूनं. त्यानं माफीचं पत्र लिहायचं ठरवलं समजा. मी असा मसुदा केलाय, फाडा:

"दादा, जे काही झालं त्याबद्दल तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर. परिस्थितीच तशी होती. माझ्यावर किती ताण होता सगळ्यांना माहीत आहे. आता झालं गेलं विसरून नव्यानं सुरुवात करू. आईसाठी तरी."

मनमोकळी · सकाळी ११:३०

फाडते. पहिल्या वाक्यातला "तर" काढा. वाईट वाटलं असेल *तर* म्हणजे वाटलं नसेल तर काहीच घडलं नाही.

मग क्रियापदं बघा. मराठीत चूक कबूल करण्याच्या तीन पायऱ्या व्याकरणातच आहेत. "चूक झाली": करणारा कोणीच नाही, पाऊस पडावा तशी झाली. "माझ्याकडून चूक झाली": करणारा आहे, पण दाराआड उभा. "मी पैसे काढले": समोर आला. पत्रात तिसरी पायरी हवी. मसुद्यात "मी" या शब्दानं सुरू होणारं एकही वाक्य नाही. "क्षमस्व" तर नकोच, तो शब्द आता खोदलेल्या रस्त्यावरच्या पाटीसाठी राखीव आहे.

माफीचे सहा भाग मानतात: खंत, कारण, जबाबदारी, पुन्हा न करण्याचा शब्द, भरपाई, आणि माफीची विनंती. २०१६ च्या एका अभ्यासात लोकांना सगळ्यात महत्त्वाची वाटली जबाबदारी, तिच्यामागे भरपाई. सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग निघाला "मला माफ कर" ही विनंती. तुमच्या मसुद्यात नेमके विनंती आणि कारण हे दोनच आहेत. आणि "आईसाठी तरी" ही कबुलीच नाही, दडपण आहे.

महालकर · दुपारी १२:०५

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदमळणी करतात ना, तेच. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात ते सगळ्यांना आठवतं. पण हळद आणि तूप लावतात कुठं? जू जिथं घासलं तिथं. शिंगं रंगवणं दुसऱ्या दिवशी.

मनमोकळी · दुपारी १२:४०

वा. तर घासलं तिथं हळद लावलेला मसुदा:

"दादा, गेल्या १४ महिन्यांत मी गल्ल्यातून ४ लाख ६० हजार रुपये काढले. ते लपवायला वहीत खोट्या उधाऱ्या मी लिहिल्या. तू दोनदा विचारलंस, दोन्ही वेळा मी खोटं बोललो. माझ्या नोंदींमुळे तुला गिऱ्हाइकासमोर खाली पाहावं लागलं; त्यांच्याकडे जाऊन खरं काय ते मी सांगेन. दर महिन्याच्या ५ तारखेला १० हजार तुझ्या खात्यात भरीन. गल्ल्याला हात लावणार नाही. तुला बोलावंसं वाटेल तेव्हा बोल."

माफ कर हा शब्द नाही, मुद्दाम.

सिव्हिललाइन्स · दुपारी १:१५

खाली तारीख आणि सही घाला, की हेच पत्र कलम १८ ची कबुली झालं. धाकट्याच्या वकिलानं त्याला आधी सावध करावं: फौजदारी तक्रार झाली तर हाच कागद त्याच्याविरुद्ध पुरावा. लिहू नये असं म्हणत नाही, कळून लिहावं.

हप्त्यांचा हिशेब: १० हजारांनी ४६ हप्ते, म्हणजे ३ वर्षं १० महिने. पत्रापासूनची ३ वर्षं त्याआधी संपतात. म्हणून मधेच हप्ते थांबले तर अडचण नको. मुदत चालू असताना पैसे भरले आणि भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनं त्याची नोंद असली, तर त्या भरण्यापासून मुदत पुन्हा नवी (मुदत कायदा, कलम १९). नुसतं यूपीआयवर अवलंबून राहू नका. चेक घ्या किंवा एका वहीत दरमहा त्याची सही. थोरल्याला काही रक्कम सोडायचीच असेल तर ती शेवटची सोडावी, पहिली नव्हे: "३६ हप्ते वेळेवर आले तर उरलेले १ लाख सोडले." लिहून.

कोर्टाचं बळ हवं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. दावा दाखल नसतानाही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तडजोडीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा, त्यावर अपील नाही.

हिशेबनीस · दुपारी २:३०

पंगतीचं राहिलं. तुटल्यानंतरची पहिली भेट दिवाळीच्या जेवणाची ठेवू नका. दोन तास, शेजारी पाट, सगळ्या नातेवाइकांचे डोळे. दसऱ्याला सोनं द्यायला जाणं त्यापेक्षा किती तरी बरं. पान द्यायचं, थोरल्याला नमस्कार, पाणी, उठायचं. दहा मिनिटांत संपते, काय करायचं ते ठरलेलं असतं, विषय काढावा लागत नाही.

किल्ली: १२ हप्ते वेळेवर आल्यावर आधी दुकानात बसणं, गल्ला नाही. मग दुपारची पाळी, पण बिलिंगला दोघांचे वेगळे पासवर्ड आणि रात्री रोकड दोघांनी मोजून दोघांची सही. ही व्यवस्था थोरल्यालाही लागू. एकट्या धाकट्यावर लावली तर ती शिक्षा होते आणि तो पळवाट शोधतो.

तर्री_जास्त · दुपारी २:४१

सगळं बराबर. एकच इचारतो, त्या पत्रावर साक्षीदार म्हून आईची सही घ्याची का?

सिव्हिललाइन्स · दुपारी ३:००

नको. कबुलीला साक्षीदार लागतोच असं कायद्यात नाही. घ्यायचाच तर शेजारच्या दुकानदाराची घ्या. उद्या वाद झाला तर सही केलेल्याला पिंजऱ्यात उभं राहून एका भावाविरुद्ध बोलावं लागतं.